अभावाला कारण असते का?

रक्ततपासणीच्या अहवालात अमायलेज किंवा लायपेज या नावापुढे वर गेलेला बाण दिसला की डॉक्टर लगेच सावध होतात. पोटात असह्य कळा आणि वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आकडा, एवढ्यावर स्वादुपिंडाला आलेल्या तीव्र सुजेचे निदान होऊ शकते. बाण खाली वळलेला असला तर मात्र गोंधळ उडतो. रुग्ण घाबरतो, घरचे लोक मोबाइलवर शोधाशोध करतात आणि डॉक्टर अनेकदा त्या ओळीवरून नजर फिरवून पुढच्या पानाकडे वळतात. या भीतीमागे आणि या दुर्लक्षामागेही एक न विचारलेला प्रश्न असतो. जे आहे त्याचे कारण शोधता येते. जे नाही, किंवा पुरेसे नाही, त्यालाही कारण असते का? आणि असेल तर ते कळते कसे?

प्रयोगशाळा जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधी भारतीय तार्किकांनी या प्रश्नावर आपसांत कडाक्याचे वाद घातले. त्या वादांतून निघालेली मांडणी आजच्या अहवालातली ती एक ओळ वाचायलाही उपयोगी पडते. ती हाताशी नसली, तर रुग्ण एका आकड्यावरून स्वतःला आजारी ठरवतो, किंवा खरा आजार असूनही स्वतःला निरोगी समजतो. काही वेळा याहून वाईट घडते. कारणाचा शोध सोडून लोक अपराधी शोधू लागतात.

आधी शरीराकडे पाहू. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली, सुमारे 15 सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. इन्सुलिन रक्तात सोडणे हे तिचे एक काम. दुसरे काम म्हणजे पाचकरस तयार करणे. दिवसाला लिटरभराहून अधिक रस ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ओतते. त्यातले अमायलेज पिष्ट पदार्थ फोडते, लायपेज चरबी फोडते, ट्रिप्सिन प्रथिने फोडते. हे विकर कामाला येतात ते आतड्यात. रक्तात पोचतो तो त्यांचा किरकोळ अंश, पेशींमधून झिरपलेला. अहवालातला आकडा या झिरपलेल्या अंशाचा असतो.

या रसाचे काम नेमके काय, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1840 च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवले. सशामध्ये स्वादुपिंडाची नळी पित्ताच्या नळीपेक्षा बरीच खाली आतड्यात उघडते. चरबीयुक्त अन्न दिलेल्या सशाचे आतडे तपासताना बेर्नार यांना दिसले, की चरबी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या आहेत, पण त्या स्वादुपिंडाची नळी उघडते तिथून पुढेच. त्याच्या वर पित्त होते, चरबीही होती, पांढरेपणा नव्हता. रस आहे तिथे चरबीचे पचन आहे, रस नाही तिथे पचन नाही. न्यायदर्शनाचे तार्किक, म्हणजे नैयायिक, यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असताना दुसरी असणे आणि ती नसताना दुसरीही नसणे, हे दोन्ही दिसल्याशिवाय कार्यकारणाचा संबंध पक्का मानायचा नाही. बेर्नार यांनी 1865 मध्ये प्रयोगनिष्ठ वैद्यकावर लिहिलेल्या ग्रंथातही उलट पुराव्याचा असाच आग्रह धरला आहे.

रक्तातले अमायलेज निदानासाठी मोजण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात. रॉबर्ट एल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1929 मध्ये स्वादुपिंडाच्या आजारांत या तपासणीचे मोल दाखवून दिले. पुढे लायपेजची तपासणी आली आणि ती अधिक भरवशाची ठरली, कारण रक्तातल्या अमायलेजचा मोठा वाटा लाळग्रंथींकडून येतो. मात्र या तपासण्या वापरल्या गेल्या त्या वाढ शोधण्यासाठी. खालची मर्यादा अहवालावर छापली गेली खरी, पण तिचा अर्थ लावण्याची सवय वैद्यकाला फारशी लागली नाही.

तार्किकांकडे ही सवय होती. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहा पदार्थांच्या जोडीला पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ हा या परंपरेतला पहिला पाठ. महाराष्ट्रातल्या संस्कृत शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी न्यायशास्त्रात पाऊल टाकले ते याच छोट्या ग्रंथाचा हात धरून. आठल्ये आणि बोडस यांची त्याची सटीप आवृत्ती 1897 मध्ये मुंबईतून निघाली. अभाव चार प्रकारचे असतात, असे हा ग्रंथ सांगतो, आणि त्यांतला प्रत्येक प्रकार काळाशी वेगळ्या रीतीने जोडलेला आहे.

वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. त्याला आरंभ नसतो, पण वस्तू उपजली की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ असतो, शेवट नसतो. तिन्ही काळांत नसणे हा अत्यंताभाव. आणि एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, हा अन्योन्याभाव. काही नैयायिकांनी यात सामयिक अभावाची भर घातली. जागेवरून हलवलेला आणि पुन्हा आणून ठेवता येणारा घट मधल्या काळात तिथे नसतो, तसा हा अभाव. शिवाय अभाव कधीच नुसता नसतो. तो कशाचा आहे आणि कुठे आहे, हे सांगावेच लागते. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण.

‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे खरे. पण जेवढे असायला हवे आणि नाही, तेवढ्या भागाला ही विभागणी नेमकी लागू पडते.

नवजात बाळाच्या स्वादुपिंडात अमायलेज जेमतेम असते. ग्रंथी निरोगी असते, पण हे विकर बनवण्याची तिची वेळ अजून यायची असते. वय वाढते तशी ही उणीव आपोआप भरून निघते. हा प्रागभाव झाला. त्याला औषध लागत नाही, काळ लागतो. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात याच्या उलट घडते. सुजेचे झटके येत राहतात, रस बनवणाऱ्या पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती येते आणि नळीत खडे साचतात. ग्रंथीचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला, तरी परिणाम तोच. हा प्रध्वंस आहे. त्याला कारण आहे, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. जन्मतःच ग्रंथी घडलेली नसणे, किंवा जोहान्सन-ब्लिझार्ड सिंड्रोमसारख्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात रस बनवणारा भागच नीट न बनणे, हे अत्यंताभावाच्या जवळ जाते.

मधुमेहातली घट या तिन्हींहून वेगळी आहे. रस बनवणाऱ्या पेशींना अमायलेज तयार करण्यासाठी शेजारून येणाऱ्या इन्सुलिनचा आधार लागतो. मधुमेही केलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातले अमायलेज खूप घटते आणि इन्सुलिन दिल्यावर पुन्हा वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. पेशी जिवंत आहेत, आदेश पोचत नाही. सामयिक अभावाचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल. माणसांत मात्र चित्र इतके सरळ नाही, कारण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडाचा आकारही लहान झालेला आढळतो. लठ्ठपणा आणि चयापचयाचे विकार असलेल्यांत रक्तातले अमायलेज कमी आढळते, असा संबंध जपानमधल्या पाहण्यांत दिसला आहे. संबंध दिसला म्हणून तो कारण ठरत नाही.

चौथा, अन्योन्याभाव, रुग्णाला सर्वांत आधी सांगायला हवा. रक्तातले लायपेज म्हणजे आतड्यातले लायपेज नव्हे. अधिकरण वेगळे आहे. रक्तातला आकडा खाली असूनही आतड्यात भरपूर रस पोचत असू शकतो. ग्रंथीकडे केवढी राखीव ताकद असते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युजीन डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये दाखवले. लायपेजचा स्राव नेहमीच्या 10 टक्क्यांच्याही खाली गेल्यावरच चरबी न पचता मोठ्या प्रमाणात शौचावाटे बाहेर पडू लागते. पचन पुरेसे होते आहे का, हे रक्तातल्या अमायलेजवरून ठरत नाही. त्यासाठी शौचातले इलॅस्टेज हे विकर मोजतात. एका ग्रॅममागे ते 200 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी भरले तर शंका घेतात, 100 पेक्षा कमी भरले तर शंका बळावते. इथेही एक मेख आहे. शौच पाण्यासारखे पातळ असेल तर विकर त्यात विरळ होते आणि निरोगी माणसाचाही आकडा खाली येतो.

अभाव कळतो कसा, हा पुढचा प्रश्न. या ठिकाणी मीमांसक आणि नैयायिक यांचे जुने भांडण आहे. कुमारिल भट्टांची मीमांसक परंपरा म्हणते की अभाव जाणण्याचे साधनच वेगळे आहे. त्याचे नाव अनुपलब्धी. अभाव कळतो तो इंद्रियांनीच, असे नैयायिक म्हणतात. पण एका अटीवर दोघांचे एकमत आहे. वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती, एवढी योग्यता परिस्थितीत हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या कमी आकड्याला हीच अट लावून पाहावी. तिथल्या यंत्राला विकर दिसत नाही. नमुन्यात एक ठरावीक द्रव्य मिसळतात, विकर ते द्रव्य फोडते, त्यातून पिवळा रंग सुटतो आणि तो किती वेगाने गडद होतो यावरून विकराची क्रिया मोजली जाते. धुरावरून अग्नी ओळखावा, तसे हे अनुमान आहे. मधल्या कुठल्याही टप्प्यावर अंधार होऊ शकतो. अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागते. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत चुकून नमुना घेतला, तर ते द्रव्य कॅल्शियम बांधून टाकते आणि अमायलेज असूनही कमी भासते. रक्तात ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेली असली तर अमायलेजच्या मोजणीत अडथळा येतो. ट्रायग्लिसराइड्स वाढणे हे स्वतःच तीव्र स्वादुपिंडदाहाचे एक कारण आहे, म्हणून हा अडथळा धोकादायक ठरतो. रुग्ण कळांनी तळमळत असतो आणि अहवालात अमायलेज साधारण दिसते. अनुभवी तंत्रज्ञ अशा वेळी नमुना विरळ करून पुन्हा मोजतो. अडथळा ओसरला की खरा आकडा वर येतो. उलट बाजूने, मूत्रपिंडे नीट चालत नसतील तर अमायलेज रक्तातून बाहेर टाकले जात नाही, आणि ग्रंथी खंगलेली असूनही आकडा ठीक दिसू शकतो.

अंधाराचा आणखी एक प्रकार आकडेमोडीतला आहे. अहवालावर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुधा निरोगी माणसांच्या मधल्या 95 टक्क्यांची असते. म्हणजे व्याख्येनुसारच दर शंभर निरोगी माणसांमागे दोन-तीन जण खालच्या रेषेच्या खाली असणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास जाते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमधून आलेला एकटा बाण पुष्कळदा या गणितातून आलेला असतो. तिथे शोधण्याजोगे कारण नसतेच.

उजेड पुरेसा आहे आणि कमतरता खरी आहे, असे धरून चालले तरी एका कार्यावरून एक कारण गाठता येत नाही. यावर नैयायिकांनी तृण, अरणी आणि मणी यांचा दृष्टान्त चर्चेला घेतला. अग्नी गवतातून पेटतो, अरणीच्या घर्षणातून निघतो, सूर्यकान्त मण्यातूनही निघतो. मग अग्नी पाहून त्याचे कारण कसे सांगणार? उदयनाचार्यांच्या परंपरेने दिलेले उत्तर असे, की नीट पाहिले तर हे तीन अग्नी एकाच जातीचे नाहीत. कार्य बारकाईने पाहा, म्हणजे कारणे वेगळी होतील.

रोगनिदानाचे कामही याच रीतीने चालते. ‘विकर कमी’ हे वर्णन ढोबळ आहे. एकूण अमायलेज कमी असेल, तर लाळेचा वाटा कमी की स्वादुपिंडाचा, हे पाहता येते. अमायलेज कमी पण लायपेज ठीक असेल, तर विचार मधुमेहाकडे आणि चयापचयाकडे वळतो. लायपेजसोबत रक्तातले ट्रिप्सिनोजेनही एका मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर ग्रंथीच खंगल्याचा संशय बळावतो. लहान मुलात विकर कमी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आणि हाडांची वाढ वेडीवाकडी असेल, तर 1964 मध्ये वर्णन झालेल्या श्वाखमन-डायमंड सिंड्रोमचा विचार होतो. प्रौढाचे वजन झपाट्याने उतरत असेल आणि कावीळ असेल, तर स्वादुपिंडाच्या गाठीने नळी दाबली आहे का, हे तातडीने पाहावे लागते. प्रत्येक ठिकाणी बाण तोच असतो. त्याच्या भोवतीची लक्षणे वेगळी असतात.

काळाचा विचार सुटला तर तीक्ष्ण बुद्धीही फसते. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे स्वादुपिंडाच्या अंगाने पहिले सविस्तर वर्णन डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये केले. त्यात ग्रंथीच्या नळ्या चिकट स्रावाने तुंबतात. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तात ट्रिप्सिनोजेन झिरपून वाढलेले असते, आणि अनेक देशांत टाचेतून घेतलेल्या रक्तथेंबावर या वाढीवरूनच आजार ओळखला जातो. पुढच्या काही वर्षांत ग्रंथी नष्ट होत जाते आणि तोच आकडा साधारण पातळीवर येऊन शेवटी तिच्याही खाली जातो. मधल्या एखाद्या वर्षी तपासणी केली, तर अहवाल निर्दोष दिसू शकतो.

‘तर्कसंग्रहा’तले एक उदाहरण या सगळ्याच्या मुळाशी जाते. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. अग्नी आहे तिथे धूर आहेच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला अग्नीबरोबर ओले इंधन लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ती लक्षात घेतली नाही, तर अनुमान कोसळते.

जुन्या, जळून गेलेल्या स्वादुपिंडाची अवस्था अशीच असते. नव्याने दाह होतो, रुग्ण पोट आवळून वाकतो, पण अमायलेज आणि लायपेज वाढतच नाहीत. रक्तात सांडायला विकर हवे, विकरासाठी जिवंत पेशी हव्यात, आणि त्या आधीच गेलेल्या असतात. ओले इंधन संपले आहे. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले जाते, तेव्हा त्याच्या वेदनेवर आणखी एक अन्याय होतो. सीटी स्कॅनमध्ये खडे आणि आक्रसलेली ग्रंथी दिसते, तेव्हा कुठे त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. रुग्णाचे सांगणे हाही पुरावा आहे. आकडा त्याच्या विरोधात गेला, तर आधी आकड्याची उपाधी तपासावी.

एका कारणावर भिस्त ठेवण्याचा मोह किती मोठा असतो, हे केरळने पाहिले. 1959 मध्ये झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांत स्वादुपिंडात खडे आणि मधुमेह यांची जोडी नोंदवली. केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1968 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. रुग्ण तरुण, बहुतेक गरीब आणि दारूला न शिवलेले. मग कारण काय? केरळच्या गरिबांच्या ताटात कसावाचा कंद रोज असे. त्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात आणि प्रथिनांची कमतरता असलेल्या शरीराला त्यांचा निचरा करणे जड जाते. गीवर्गीज आणि मॅकमिलन यांनी 1979 मध्ये मांडलेला हा तर्क पटण्याजोगा होता.

व्यतिरेकाच्या कसोटीवर मात्र तो टिकला नाही. कसावा न खाणाऱ्या भागांतही तोच आजार सापडला. उंदरांना दीर्घकाळ कसावा खाऊ घालूनही त्यांना स्वादुपिंडदाह झाला नाही. 2002 मध्ये लखनौ आणि हैदराबादच्या संशोधकांनी या रुग्णांत स्पिंक-1 या जनुकातल्या बदलाशी ठळक संबंध दाखवला. हे जनुक ट्रिप्सिनला अवेळी चेकाळू न देणारे प्रथिन बनवते. पण तोच बदल निरोगी माणसांतही थोड्या प्रमाणात सापडतो, म्हणजे जनुकही एकट्याने पुरत नाही. आज उत्तर दिले जाते ते अनेक कारणांच्या संयोगाचे. महाराष्ट्रात उपवासाला खाल्ला जाणारा साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा असतो. तो खाणाऱ्यांनी यावरून घाबरण्याचे कारण नाही. एक तर तर्क सिद्ध झालेला नाही, आणि कंद किसून धुऊन स्टार्च काढताना ती द्रव्ये बहुतांश निघून जातात.

‘चरकसंहिते’ने अशा संयोगासाठी ज्ञानाचे एक वेगळे साधनच मानले आहे. सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती येते. अनेक कारणे एकत्र येऊन घडणाऱ्या गोष्टी पाहू शकणारी बुद्धी, हा तिचा अर्थ. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू जुळून आले की पीक येते. यांतले कुठलेही एक कारण वेगळे काढून पिकाचे श्रेय त्याला देता येत नाही. निदानस्थानातही चरक सांगतात की एका हेतूने अनेक रोग होतात आणि एका रोगाला अनेक हेतू असतात.

यानंतर उरतो तो सर्वांत जुना धार्मिक प्रश्न. हे माझ्याच वाट्याला का? पूर्वजन्मीचे कर्म, या जन्मीचे व्यसन, कुणाची तरी नजर. उत्तरे पटकन तयार असतात. धर्मपरंपरांमधल्या विचारवंतांनी मात्र इतकी घाई केलेली नाही. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणसाला होणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्माचेच फळ आहे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे का? बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतूचा पालट, विषम आचरण, बाहेरचा आघात अशी सात कारणे सांगून कर्मविपाक ते आठव्या जागी ठेवतात. सगळे खापर कर्मावर फोडणारे आपल्याला ठाऊक असलेल्याच्या पलीकडे बोलतात, असे ते बजावतात. चरकही विमानस्थानात दैव आणि पुरुषकार दोन्ही मानतात आणि आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधांची गरजच उरली नसती, असा युक्तिवाद करतात. कर्म मानणाऱ्या परंपरांच्या आतूनच हा संयम शिकवला गेला आहे.

या संयमाची आज मोठी गरज आहे. दीर्घकालीन स्वादुपिंडदाह म्हटले की लोक ‘पीत असेल’ असे गृहीत धरतात. दारू आणि तंबाखू ही या आजाराची खरी आणि मोठी कारणे आहेत, आणि ती सोडल्याने रुग्णाचा फायदा होतो, यात शंका नाही. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतभरच्या 1086 रुग्णांच्या पाहणीत सुमारे 60 टक्के रुग्णांत ठोस कारण सापडले नव्हते. दारूशी जोडता आलेले रुग्ण 40 टक्क्यांच्या आत होते. म्हणजे ‘पीत असेल’ हे अनुमान निम्म्याहून अधिक वेळा चुकते. कधी दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे, प्रत्येक पाहुण्यापुढे स्वतःची साक्ष द्यावी लागते. आणि ज्याने खरोखर प्यायली आहे, त्यालाही वेदनेतून सुटका मिळण्याचा हक्क आहे. कारण शोधायचे ते उपचारासाठी. त्यातून कुणाची लायकी ठरवण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही.

घाईने काढलेल्या निष्कर्षाची आणखी एक किंमत आहे, आणि ती श्रद्धेच्या प्रांतात मोजावी लागते. विकरांची कमतरता भरून काढणाऱ्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी त्या जीवनदायी आहेत. जेवणाबरोबर त्या घेतल्या की वजन सावरते आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे पुन्हा अंगी लागतात. जैन, मुसलमान किंवा शाकाहारी रुग्णाने अशा वेळी काय करावे, हे त्याने आपल्या डॉक्टरशी आणि आपल्या धर्माच्या जाणत्यांशी बोलून ठरवावे. पण हा पेच त्याच्यापुढे टाकण्याआधी गरज सिद्ध झालेली असली पाहिजे. रक्तातल्या एका कमी आकड्यावरून कॅप्सूल सुरू करणे वैद्यकाच्या दृष्टीने चूक आहे. त्या कशापासून बनतात हे रुग्णाला न सांगणे तर त्याहून मोठी चूक आहे.

अभावाला कारण असते का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अभाव कोणता आहे, यावर ते अवलंबून आहे. बाळाच्या उणिवेला वाढ पुरेशी आहे. जळालेल्या ग्रंथीच्या उणिवेला कारण आहे आणि ते शोधलेच पाहिजे. रेषेखाली निघालेल्या निरोगी माणसाच्या आकड्यामागे शोधण्यासारखे काही नाही. म्हणून खाली वळलेला बाण ज्याच्या अहवालात आहे, त्याने डॉक्टरांकडे जाताना एवढे विचारावे: कमी आहे ते नेमके कोणते विकर? मोजणीत अडथळा आला असेल का? जुने अहवाल काय सांगतात? आतड्यातले पचन तपासायला हवे का? वजन उतरत असेल, शौच तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होत असेल, जेवणानंतर पोटात वरच्या बाजूला दुखून ते पाठीत जात असेल किंवा नव्याने मधुमेह सुरू झाला असेल, तर पोटविकारतज्ज्ञाकडे जाण्यात उशीर करू नये. यांतले काहीच नसेल, तर पुढच्या नेहमीच्या भेटीत अहवाल दाखवला तरी चालेल. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी अशा माणसाला ‘काय खाल्लंस, काय प्यायलास’ असे विचारण्यापूर्वी ‘दुखतंय का’ एवढे आधी विचारावे.